जोडी लिहून घ्या

झटका आल्यानंतर माझ्या बाबांकडे एकच शब्द उरला. "नाय." उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालण्यापुरता राहिला, ओठाचा एक कोपरा खाली उतरला, आणि सेहेचाळीस वर्षं भरभरून बोललेल्या माणसाच्या तोंडात हे एवढंच शिल्लक राहिलं. चहा हवा का विचारलं तर नाय. दुखतंय का, नाय. मी समोर उभी राहून "मी कोण, सांगा" म्हणाले, तरी नाय.

डॉक्टर म्हणाले, हा शब्द आपोआप बाहेर पडतो, त्याला अर्थ असेलच असं नाही. एवढं वाक्य आमच्या नातेवाइकांना पुरलं. त्यातलं "असेलच असं" त्यांनी गाळलं आणि उरलेलं लक्षात ठेवलं.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही विक्रोळीला हायवेच्या अलीकडच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. एक खोली, स्वयंपाकघर आणि गॅलरी. बाबा तिथल्याच एका कारखान्यात लेथवर होते. मी नववीत, एकुलती एक. झटक्यानंतर बाबांची नोकरी सुटली आणि आई साड्यांना फॉल लावायचं काम घरी आणायला लागली. खोलीत खिडकीखाली बाबांची खाट, खाटेच्या पायाशी आईचं मशीन, आणि उरलेल्या जागेत मी आणि माझा अभ्यास.

दर दुसऱ्या रविवारी बोरीवलीहून काका यायचे. बाबांचे मोठे भाऊ. सरकारी नोकरी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. ते आईच्या मशीनसमोरच्या खुर्चीत बसायचे आणि बाबांच्या अंगावरून नजर नेत आईशी बोलायचे, मालवणीत. "तेका आता काय कळना नाय. गावाक न्हेऊन ठेवया. थय भावकी आसा, मोकळी हवा आसा. तुझी खोली मोकळी होतली, चेडवाचो अभ्यास होतलो." त्यांना आता काही कळत नाही, गावी नेऊन ठेवू, पोरीचा अभ्यासही होईल, असं. बाबा खाटेवरून म्हणायचे, "नाय." काका मान हलवायचे. बघ, असं त्यांना म्हणायचं असायचं.

मीही काही वेगळी नव्हते. वर्गातली एक मैत्रीण वही न्यायला आली होती. बाबांच्या तोंडातून लाळ आली, मी घाईघाईने पुसली आणि तिला म्हणाले, "त्यांना काही कळत नाही गं." बाबांनी माझ्याकडे बघितलं. "नाय," ते म्हणाले. मैत्रीण हसली, मी पण हसले.

आमच्या शेजारच्या खोलीत एक मावशी राहायच्या. मूळच्या बीडकडच्या, औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पॅकिंगला होत्या. त्यांच्या दारावर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्यांच्या घरातलं लाल तिखट आमच्या घरातल्या माणसांना झेपत नसे. सकाळची पाळी करून त्या सव्वातीनला घरी आल्या की हातपाय धुऊन आमच्याकडे यायच्या. काकांना त्यांचं येणं-जाणं खुपायचं. कारण मात्र ते तोंडानं कधी सांगत नसत. एक दिवस मावशी पत्त्यांचा जोड घेऊन आल्या आणि आईला म्हणाल्या, "वैनी, डोळं फुटतील तुमचं त्या सुईनं. घटकाभर बसा." मग आम्ही तिघी पाच-तीन-दोन खेळायला लागलो. तिघांचा सोपा खेळ. पत्ते वाटायचे, एकानं हुकूम सांगायचा, म्हणजे कोणता रंग बाकीच्यांवर चढणार ते ठरवायचं, आणि ठरलेले हात करायचे.

चौथ्या की पाचव्या दिवशी हुकूम सांगायची पाळी माझी होती. मी खाटेला पाठ टेकून जमिनीवर बसले होते. पत्ते बरे होते पण ठरत नव्हतं. मी बदामावर बोट ठेवलं.

मागून आवाज आला. "नाय."

मी लक्ष दिलं नाही. बोट किलवरवर नेलं. "नाय." चौकटवर नेलं. "नाय." मग इस्पिकवर नेलं आणि मागे शांतता.

आईनं हातातले पत्ते खाली ठेवले. "परत कर," ती म्हणाली.

मी परत केलं. मुद्दाम क्रम बदलला. इस्पिकच्या राजा-राणीवर बोट आलं की बाबा गप्प राहायचे, बाकी सगळीकडे नाय. मी मान वळवून बघितलं. ते माझ्या पत्त्यांकडे बघत होते, माझ्याकडे नाही. कपाळावर तीच आठी होती, जी पूर्वी पेपरातलं शब्दकोडं सोडवताना असायची.

"आवं, ह्यांना समदं कळतंय," मावशी म्हणाल्या.

आईनं उठून चहा केला. आत्तापर्यंत ती त्यांना चमच्यानं चहा भरवायची, ते नाय म्हणायचे आणि ती भरवतच राहायची, कारण त्या शब्दाला अर्थ नव्हता ना. त्या दिवशी तिनं कप त्यांच्या डाव्या हातात दिला. "चमच्यानं नको होता तुम्हाला?" तिनं विचारलं. बाबा गप्प राहिले. अर्धा चहा शर्टावर सांडला, अर्धा प्यायले. आई सांडलेलं न पुसता त्यांच्याकडे बघत बसली.

मला त्या मैत्रिणीची आठवण झाली. त्या संध्याकाळी मी बाबांच्या पायाशी बसून म्हणाले, "मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. म्हणजे मला त्यांचं म्हणणं कळलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाच-तीन-दोन सोडून मेंढीकोट सुरू केला. चौघांचा खेळ, दोन-दोन भिडू समोरासमोर. पत्त्यांतल्या चार दश्श्या म्हणजे मेंढ्या, ज्या जोडीकडे जास्त मेंढ्या तिचा डाव, आणि चारही मिळाल्या तर समोरच्यांवर कोट. भिडूनं भिडूशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. समोरच्यानं काय टाकलं आणि काय राखलं यावरूनच त्याच्या हातात काय आहे ते ओळखायचं. बाबा तरुणपणापासून हाच खेळायचे. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत संपवून उरलेला वेळ ते मेंढीकोटला द्यायचे. आणि या खेळात न बोलणं हा नियमच होता. आई खाटेशी जाजम घालायची, आणि त्यावर बसल्यावर चौघंही सारखेच मुके.

प्रश्न पत्ते धरायचा होता. एका हातात तेरा पत्ते पंख्यासारखे धरून त्यातलाच एक काढायचा, हे एका हाताच्या माणसाला जमत नाही. मावशींनी कपडे धुवायचे दोन ब्रश आणून उलटे ठेवले आणि त्यांच्या केसांत पत्ते खोचले. चाललं. पुढे बाबांच्या कारखान्यातल्या एका मित्रानं सागाच्या पट्टीला लांब खाच पाडून छान स्टँड करून दिला. आई आणि बाबा एका बाजूला, मी आणि मावशी दुसऱ्या. रोज साडेतीन ते साडेपाच. सुरुवातीला आम्ही त्यांना सांभाळून घ्यायचो. आठवड्यानंतर तशी गरज उरली नाही. महिनाभरात आमच्यावर इतके कोट चढले की मावशी म्हणाल्या, "ह्या माणसाला झटका आला व्हता का आपल्याला?"

काकांनी एका रविवारी हे बघितलं. दारातच चपला काढता काढता थांबले. "घरात आजारी माणूस आणि तुम्ही पत्ते कुटताय?"

"आजारी माणूसच जिंकतोय," आई म्हणाली.

"लोक काय म्हणतील?"

"लोक येऊन दोन तास बसतात का त्यांच्यापाशी? बसले असते तर पत्ते काढले नसते." आई काकांशी नेहमी खालच्या आवाजात, पदर सावरून बोलायची. त्या दिवशीही आवाज खालचाच होता. पण ती पत्ते पिसायची थांबली नाही. काका खुर्चीत बसले, पंधरा मिनिटांत निघाले.

आमच्या वसाहतीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाची पूजा असायची आणि तिच्या आधीच्या रविवारी स्पर्धा. मुलांची लिंबू-चमचा शर्यत, बायकांची रांगोळी आणि संगीत खुर्ची, पुरुषांचे कॅरम आणि मेंढीकोट. आमच्या जिन्याखाली फळा लावला होता, त्यावर जोड्यांची नावं लिहिली जात. आई एक दिवस खाली गेली. मी तिच्या मागे होते.

"मेंढीकोटला जोडी लिहून घ्या," ती सेक्रेटरींना म्हणाली. सेक्रेटरी तळमजल्यावरचे, भला माणूस, कोणाला दुखवायचं नाही एवढं एकच धोरण असलेला.

"कोणाची, वहिनी?"

"माझी आणि ह्यांची."

सेक्रेटरींनी खडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "वहिनी, कसं आहे, लेडीज आजवर कोणी खेळलेल्या नाहीत."

"नियमात लिहिलंय?"

"तसं लिहिलेलं नाही. पण जोडीतल्या दोघांना खेळता यायला पाहिजे ना. साहेबांची तब्येत..."

"वर चला. एक डाव खेळा त्यांच्याशी. हरलात तर नाव लिहा."

सेक्रेटरी वर आले नाहीत. त्यांनी नाव लिहिलं, फळ्याच्या अगदी तळाला, बारीक अक्षरात. आईनं ते वाचलं, त्यांच्या हातातून खडू घेतला आणि अक्षरं गिरवून जाड केली.

ही बातमी बोरीवलीला कशी पोचली कोण जाणे, पण शनिवारी काका हजर. या वेळी बसले सुद्धा नाहीत. "माझ्या भावाचो तमाशो करू नको," ते आईला म्हणाले. "चार लोकांत तोंडातून लाळ गळतली, लोक हसतले."

"हसू देत," आई म्हणाली. "लाळ मी पुसीन."

"तेका विचारलंस?"

आईनं बाबांकडे बघितलं. "उद्या खेळायचं ना?"

बाबा गप्प. काकांना त्या गप्प बसण्याचा अर्थ कळला नाही, आम्हाला कळला. मग काका त्यांच्याकडे वळून, लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाले, "खाली जावचा नाय, कळला मां?" आणि बाबांनी इतक्या खणखणीत आवाजात "नाय" म्हटलं की पलीकडच्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

रविवारी सकाळी आईनं बाबांची दाढी केली, कारखान्यात जायचा निळा शर्ट घातला, केसांना तेल लावलं. खांद्यावर धुतलेला पंचा दिला. मावशी, त्यांचे यजमान आणि कारखान्यातले दोन मित्र यांनी खुर्ची उचलून दोन जिने उतरवली. मी स्टँड घेऊन पुढे. अंगणात ताडपत्रीखाली सतरंज्या होत्या, बाबांसाठी कोणीतरी टेबल आणलं. वसाहतीतली निम्मी माणसं उगाचच तिथे आली होती. कॅरमचा बोर्ड ओस पडला.

आई मला म्हणाली, "पत्ते खोचायचे आणि तीन पावलं मागं व्हायचं. हात पाठीमागे." तिला कुठेही बोट ठेवायला जागा द्यायची नव्हती.

पहिला सामना कॉलेजातल्या दोन मुलांशी. चांगली मुलं, पण त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं की आई-बाबांना जिंकू द्यायचं. दुसऱ्याच हाताला आईनं इस्पिकचा एक्का टाकला आणि तिच्या शेजारच्या मुलानं त्यावर इस्पिकची दश्शी टाकली. एक्क्याखाली आपणहून मेंढी कोणी देत नाही, दुसरं पान असेल तर. बाबांची पाळी होती. त्यांनी आपलं पान काढलं नाही. त्या मुलाकडे बघितलं. मुलगा कडेला उभ्या असलेल्या मित्रांकडे बघून गालात हसत होता. मग बाबांनी डावा हात लांब केला, ती दश्शी बोटांनी ओढली आणि टेबलावरून सरकवत त्या मुलाच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

"नाय," ते म्हणाले.

मुलाचे कान लाल झाले. "त्यांना म्हणायचंय, नीट खेळ," आई म्हणाली. मुलानं दश्शी उचलली आणि हातातून इस्पिकची चौकी काढून टाकली. "सॉरी काका," तो म्हणाला, आणि मला वाटतं, झटक्यानंतर आमच्या घरातली माणसं, मावशी आणि कारखान्यातले मित्र सोडले तर बाबांकडे बघून, मोठ्या माणसाशी बोलावं तसं बाबांशी बोललेला तो पहिला माणूस. त्यानंतर ती मुलं जीव तोडून खेळली आणि हरली.

दुसरा सामना गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी. एक हेडक्लार्क आणि त्यांचा मेहुणा. तीन डावांत दोन जिंकायचे. पहिला डाव आमचा झाला, तीन मेंढ्यांनी. हेडक्लार्कनी पत्ते टेबलावर आपटले. "हे चालायचं नाही. खाणाखुणा आहेत. हा माणूस मधेच आवाज करतो आणि समोरची बाई पत्ता बदलते."

खरं म्हणजे त्या डावात बाबा दोनदा नाय म्हणाले होते. एकदा खोकला आला म्हणून, एकदा अंगावर माशी बसली म्हणून.

सेक्रेटरी लगबगीनं आले. "वहिनी, त्यांची हरकत आहे."

आई उभी राहिली. मी तिला इतकी खूष कधी बघितली नव्हती. "काय हरकत आहे? परत सांगा."

"ते खुणा करतात," हेडक्लार्क म्हणाले. "पत्ते लक्षात ठेवतात आणि बाईंना आवाजानं सांगतात."

"म्हणजे कोणाकडे काय आहे ते ह्यांना समजतं. मग काय खेळावं ते ठरवतात. मग मला कळेल अशी खूण करतात. असं तुमचं म्हणणं आहे."

"हो."

"लिहून द्या," आई म्हणाली. "कागदावर लिहा, खाली सही करा. सेक्रेटरी, तुम्ही पण करा. हे सगळं ह्यांना कळतं, असं सगळ्या वसाहतीतून एकानं तरी लिहून द्या. मी डाव सोडते, आत्ता वर जाते. मला कागद द्या."

हेडक्लार्कनी मेहुण्याकडे बघितलं. मेहुणा पत्ते जुळवायला लागला. मागून मावशींचा आवाज आला, "द्या की लिहून. पेन आहे खिशाला." गर्दीतून कोणीतरी हसलं. कागद कोणी दिला नाही.

"आवाज नको, एवढंच," हेडक्लार्क शेवटी म्हणाले. "तोंड बंद ठेवायला सांगा त्यांना."

"मी नाही सांगणार," आई म्हणाली. "एक शब्द आहे त्यांच्याकडे. तो काढून घेणारी मी कोण?"

तेवढ्यात बाबांनी डाव्या हातानं खांद्यावरचा पंचा ओढला, त्याची घडी तोंडात धरली आणि दातांनी आवळली. मग टेबलावर दोनदा बोट वाजवलं. वाटा पत्ते. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. त्या हेडक्लार्कचा, सेक्रेटरींचा, बघायला जमलेल्या सगळ्यांचा. पण बाबांच्या डोळ्यांत राग नव्हता. लेथसमोर उभा असलेला माणूस जसा कामाकडे बघतो तसे ते पत्त्यांकडे बघत होते.

दुसरा डाव आम्ही हरलो. तिसऱ्यात हेडक्लार्कनी सुरुवातीलाच किलवरचा राजा टाकला. सगळ्यांनी बारीक पानं टाकली, राजा हात घेऊन गेला. एक्का बाहेर आलाच नाही. पुढे एक मेंढी त्यांना मिळाली, एक आम्हाला. मग उतारी, म्हणजे पहिलं पान टाकायची पाळी, बाबांची आली. मी मागे उभी, मला त्यांचे पत्ते दिसत होते. किलवरची दश्शी त्यांच्याकडे होती. बाबांचा हात स्टँडवर फिरला आणि त्या दश्शीवरच थांबला. मला ओरडावंसं वाटलं. एक्का त्या दोघांपैकी कोणाकडे असता तर मेंढी गेली, सामनाही गेला.

बाबांनी दश्शी टाकली. हेडक्लार्कच्या मेहुण्यानं राणी टाकली. आईनं क्षणभरही न थांबता तिच्यावर किलवरचा एक्का ठेवला.

नंतर मी आईला विचारलं होतं, त्यांना कसं कळलं? ती म्हणाली, "मी मेंढी पडल्याशिवाय एक्का काढत नाही, ते त्यांना लग्नापासून ठाऊक आहे. राजावर एक्का पडला नाही, म्हणजे तो माझ्याकडे. दुसऱ्या कोणाकडे असता तर तो हावरटासारखा बाहेर आला असता." हा हिशोब पक्का नव्हता. मेहुण्याकडे एक्का असता तरी त्यानं आपल्याच भिडूच्या राजावर तो टाकला नसता. हे आईला माहीत होतं आणि बाबांनाही. पण बाबांनी आईवर पैज लावली.

चौथी मेंढी आईनं हुकमाच्या गुलामानं मारली. सामना आमचा. हेडक्लार्क उठले ते कोणाकडे न बघता गेले. बाबांनी पंचा तोंडातून काढला, त्यावर दातांचे ओले ठसे होते. आईनं तो घेतला आणि त्यांची हनुवटी पुसली, सगळ्यांसमोर, सावकाश.

शेवटचा सामना आम्ही सपशेल हरलो. समोर अगदी साधे खेळणारे दोघं होते, पण पत्तेच तसे आले, दुसऱ्या डावात तर कोट बसला. बाबा थकले होते. आईनं एक घोडचूक केली आणि बाबांनी तिला असं काही नाय ऐकवलं की त्याचा तर्जुमा मला इथे करता येणार नाही.

बक्षीस समारंभ पूजेच्या दिवशी झाला. सेक्रेटरींनी माइकवरून जाहीर केलं की कमिटीनं एक खास बक्षीस ठेवलंय, आजारपणावर मात करणाऱ्या जिद्दीसाठी, आणि स्टीलचा मोठा डबा वर धरला. टाळ्या वाजल्या. आई पुढे गेली. "हे नको," ती म्हणाली, माइक समोरच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "आमचा दुसरा नंबर आलाय. दुसऱ्याचं जे असेल ते द्या." दुसऱ्याला दोन वाट्या होत्या. त्या घेऊन ती खाली उतरली.

पुढच्या रविवारी काका आले. खुर्ची खाटेजवळ ओढली, जे त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि बराच वेळ गुडघे चोळत बसले. मग आईकडे नाही, बाबांकडे बघून म्हणाले, "गावाक येतंस?"

"नाय," बाबा म्हणाले.

काकांनी मान खाली घातली. "बरां," म्हणाले. त्यानंतर गावाचा विषय त्यांनी काढला नाही. ते आमच्यात खेळायला कधी बसले नाहीत. पण येताना बाबांसाठी पेपर आणायला लागले.

बाबा अजून दोन वर्षं जगले. रोज साडेतीनला बसायचो. वसाहतीतली माणसं वर यायला लागली, ती दोन कॉलेजातली मुलं तर बरेचदा. मावशींना आपली जागा सोडावी लागायची, त्यावर त्या कुरकुरायच्या. मग दुसरा झटका आला, गणपतीच्या आधी, आणि दोन दिवसांत सगळं संपलं.

ते गेले त्यानंतरच्या जानेवारीत पुन्हा जिन्याखाली फळा लागला. आई खाली गेली. "जोडी लिहून घ्या. मी आणि माझी मुलगी."

सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, अजून वर्षसुद्धा झालं नाही. लोक..."

"तुम्ही लिहा," आई म्हणाली. "लोकांचं मी बघते."

फळ्यावर त्या वर्षी बायकांच्या आणखी तीन जोड्या होत्या. मावशी आणि त्यांची बहीण त्यातलीच एक. आम्ही दोघी पहिल्याच फेरीत हरलो, आणि चूक माझीच होती. मी आईकडे न बघता, स्वतःच्याच पत्त्यांत डोकं घालून खेळले. आम्ही जिना चढलो. आई पुढे होती, कुलूप काढता काढता म्हणाली, "उद्यापासून साडेतीनला बसायचं. कॉलेज असलं तरी."

दुसऱ्या दिवशी मी शेवटचा तास बुडवून घरी आले. आईनं जाजम घातलं होतं.